उंच केलेली जीप आणि नवा डँपर

आखातात नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांना वाळूत जीप घालण्याचा शौक लागतो. मग रँग्लर दोन-अडीच इंच उंच होते, चाके मोठी होतात आणि हमरस्त्यावर खड्डा लागताच स्टिअरिंग थडथडू लागते. दुकानदार म्हणतो, भारी स्टिअरिंग डँपर बसवा. हा सल्ला आम्हाला अर्धवट वाटतो.

डँपर चाकाचा झटका मऊ करतो, इतकेच. जड चाकांना तो उपयोगी आहेच. पण वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नसेल, तर त्याला डँपर काय करणार? रँग्लरचा पुढचा ॲक्सल अखंड असतो. गाडी उंच केली की तो किंचित फिरतो, कॅस्टरचा कोन घटतो आणि सरळ धावण्याची ओढ कमी होते.

थडथड बहुधा ट्रॅक बारच्या ढिल्या बोल्टातून किंवा झिजलेल्या बॉल जॉइंटमधून येते. इंजिन चालू ठेवून एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने खाली वाकून सांधे पाहावेत. नवा डँपर हा ढिलेपणा झाकतो फक्त, आणि मागच्या सीटवर लेकरे बसलेली असतात. आधी बोल्ट, चाकांचे बॅलन्सिंग, कॅस्टर. पैसे उरले तर डँपर.