रिकाम्या नळाची कामगिरी

मुंबई-पुण्याकडील जुन्या इमारतींच्या मागील भिंतीवर संडासाच्या व मोरीच्या नळांची जी उभी रांग दिसते, तीत बहुधा एक बारीक नळ असा असतो, की ज्यातून सांडपाणी वाहत नाही आणि जो प्रत्येक मजल्यावरील नळाशी संधान बांधीत थेट गच्चीच्या वर जाऊन उघड्या हवेत संपतो. स्नानगृहाचे नूतनीकरण निघाले, की निरुपयोगी भासणाऱ्या या व्हेंट पाइपवरच पहिला हातोडा पडतो; कोणी त्याची शाखा तोडून तोंड सिमेंटने बुजवतो, तर कोणी गच्चीवर पत्र्याची शेड घालताना त्याचे टोकच बंद करतो. त्याने काय बिघडते, हे गृहस्थाने जाणणे अत्यंत अगत्याचे आहे.

मोरीच्या तोंडाखालील वाकड्या भांड्यात, म्हणजे नहाणी ट्रॅपमध्ये, साधारण ५० मिलिमीटर खोलीचे पाणी सदैव साचलेले असते, आणि गटारातील दूषित वायूला घरात मज्जाव करणारा पहारा तेवढाच. १७७५ साली लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी शौचकूपाखालील वाकड्या नळाचे पेटंट घेतले, त्यामागील तत्त्वही हेच. परंतु वरच्या मजल्यावरील फ्लशचे पाणी उभ्या नळातून वेगाने कोसळते, तेव्हा त्याच्यामागे हवा विरळ होते, आणि ती उणीव भरून काढण्यास दुसरा मार्ग नसेल, तर खोलीतील हवेचा दाब ट्रॅपमधील पाणीच नळात लोटून देतो. मोरीतून येणारी गुडगुड ही त्याचीच पूर्वसूचना. उलट, तेच पाणी तळाच्या वळणावर अडखळले, म्हणजे पुढे कोंडलेली हवा खालच्या मजल्याच्या मोरीतून बुडबुडत वर येते. रिकामा नळ दोन्ही प्रसंगी हवेची ये-जा मोकळी ठेवतो.

म्हणून कमोड हलवायचा झाल्यास व्हेंटची तजवीज नकाशातच करावी. व्हेंटची शाखा ट्रॅपच्या जवळून, आडव्या नळाच्या वरच्या अंगाने काढावी आणि आत जमणारा ओलावा परत खाली उतरेल असा तिला ढाळ द्यावा. गच्चीवरील तोंड खिडकीपासून दूर व जाळीच्या टोपीने झाकलेले असावे. व्हेंटऐवजी बसवण्यास हल्ली मिळणारी एकमार्गी झडप हवा आत घेते, पण कोंडलेला दाब बाहेर सोडत नाही, हे तिच्यावर विसंबणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

व्हेंट निर्दोष असूनही वापराविना ट्रॅप सुकतोच. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स रोगाने तीनशेहून अधिक रहिवासी ग्रासले गेले, तेव्हा तेथील चौकशीत कोरडे पडलेले ट्रॅप आणि त्यांतून दूषित हवा आत ओढणारे स्नानगृहांतील पंखे यांच्यावर बोट ठेवण्यात आले. नवा एक्झॉस्ट फॅन बसवणाऱ्याने हे प्रकरण अवश्य स्मरावे.

फरशी बसण्यापूर्वी ट्रॅप भरून घ्यावा, वरच्या शेजाऱ्यांना फ्लश ओढण्याची विनंती करावी आणि पाण्याची पातळी न्याहाळावी. ती हलली किंवा खचली, तर मिस्त्रीला काम तेथेच थांबवण्यास सांगावे.