खांद्याला माणसे मिळेनात

आरोंद्याची तेरेखोल खाडी ओलांडली की गोवा. पोटासाठी कोणी तिकडे जातो, कोणी मुंबईला. गावकीने लादलेले नियम आपण मोडले, १९५८ च्या कायद्याने महार वतनेही गेली, बरेच झाले! पण वाडीने स्वखुशीने घातलेलेही नियम होते. मयताला घरटी एक माणूस, लग्नाला सर्वांचा हात. गिरणगावच्या खोल्यांतही गाववाले ते पाळीत. १९८२ च्या संपानंतर गिरणी कामगार पांगले, तशी ती बंधने सैल झाली. सामायिक बंधने सुटली की माणूस आतून तुटतो, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखेम यांनी १८९७ मध्येच आत्महत्यांचा अभ्यास करून मांडले होते. आता मयताची खबर आम्हाला मोबाईलवर कळते. आम्हीही हात जोडलेले चित्र पाठवून मोकळे होतो. वाडीत म्हातारी माणसे खांद्याला चौघे शोधत दारोदार फिरतात.