भात वाळवताना चुकीच्या आधीच दुरुस्ती

मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यात, चंदन नदीच्या काठी रामपायली वसले आहे. हा भातपिकाचा मुलूख. जिल्ह्यातील सुगंधी चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कापणीच्या वेळी भातात साधारणतः 20 ते 22 टक्के ओलावा असतो. साठवणुकीसाठी तो 14 टक्क्यांच्या आसपास आणावा लागतो. कमी वाळल्यास बुरशी धरते. घाईने वा अति वाळल्यास दाण्याला चिरा जाऊन गिरणीत कण्या पडतात आणि भाव घसरतो.

सलग चालणाऱ्या वाळवणी यंत्रात भात वरून पडतो, गरम हवेतून खाली सरकतो आणि तळातून बाहेर येतो. बाहेरचा ओलावा मोजून सरकण्याची गती बदलणे म्हणजे फीडबॅक. यात चूक दिसेपर्यंत कित्येक क्विंटल भात बिघडलेला असतो. आत येणारा ओलावा मोजून आधीच गती बदलणे म्हणजे फीडफॉरवर्ड.

किती बदलावी, हे गणित सांगते. 20 टक्के ओलाव्याचा 100 किलो भात 14 टक्क्यांवर आणताना सुमारे 7 किलो पाणी काढावे लागते. 22 टक्के असल्यास 9.3 किलो. ओलावा अवघा 2 टक्क्यांनी वाढला, काम मात्र एक तृतीयांशाने. म्हणून पहिल्या अंदाजाने गती तीन चतुर्थांश करावी.

जुळवणीचा क्रमही महत्त्वाचा. प्रथम फीडबॅक एकटाच स्थिर चालेल असा बसवावा. मग तो तात्पुरता थांबवून फीडफॉरवर्डचे प्रमाण तपासावे. शेवटी वेळ जुळवावी. ओला भात वर पडताच गती मंदावली, तर खालचा आधीचा भात अति वाळतो. फार थांबले, तर ओला भात तसाच निसटतो. मधली वेळ काही खेपांच्या नोंदींवरूनच सापडते.

गोमंतकीयांच्या परिचयाच्या उकड्या तांदळात ही कसोटी अधिक कठीण. उकडलेल्या भातात ओलावा 35 टक्क्यांच्या घरात असतो. तो 16 टक्क्यांवर आल्यावर काही काळ मुरू देऊन पुन्हा वाळवतात.

ओलावामापक चुकला, तर फीडफॉरवर्डही तितक्याच ठामपणे चुकतो. त्यामुळे त्याच्या बदलाला मर्यादा घालावी आणि उरलेली तफावत भरून काढण्याचे काम फीडबॅककडेच ठेवावे.