तबकडीची प्रतिमा व तिचे वाचन

जुन्या तबकडीवरील फाईली उतरवून घेणे आणि त्या तबकडीची प्रतिमा घेणे ही दोन कामे एकच होत, असा समज पुष्कळांचा असतो. वस्तुतः प्रतिमेत पहिल्या बाइटापासून शेवटच्या बाइटापर्यंत सर्व काही येते. विभागांचा तक्ता, रिकामी जागा, पुसून टाकलेल्या फाईलींचे अवशेषसुद्धा. दप्तरखान्यास हीच नक्कल हवी असते.

युनिक्स व तत्सदृश प्रणालींत हे काम ‘डीडी’ या आज्ञेने करतात. ती युनिक्सच्या १९७४ मधील पाचव्या आवृत्तीत आली. तिची बरोबरीच्या चिन्हांची विचित्र लेखनपद्धती आयबीएमच्या जॉब कंट्रोल लँग्वेजवरून घेतलेली आहे. ‘आयएफ’पुढे कोठून वाचावयाचे ते लिहावयाचे व ‘ओएफ’पुढे कोठे लिहावयाचे ते. या दोहोंची अदलाबदल झाली तर जी तबकडी वाचवावयाची तीच नष्ट होते. आज्ञा एका शब्दानेही विचारणा करीत नाही.

झिजलेल्या तबकडीचा काही भाग वाचता येत नाही, तेव्हा खरी कसोटी लागते. एरवी डीडी पहिल्याच दोषापाशी थांबते. ‘नोएरर’ सांगितल्यास ती पुढे जाते. परंतु न वाचलेला भाग गाळला गेल्याने नंतरचा सर्व मजकूर पुढे सरकतो व फाईलींचे पत्ते चुकतात. सोबत ‘सिंक’ दिल्यास तेवढी जागा शून्यांनी भरली जाते. येथे ठोकळ्याचे माप लहान ठेवणे इष्ट. एक मेगाबाइटाचा ठोकळा घेतला, तर एका दोषापायी त्या सबंध ठोकळ्यातील वाचण्याजोगा मजकूरही हातचा जाण्याचा संभव असतो.

तयार प्रतिमा उघडण्यासाठी लिनक्समध्ये ‘माउंट’ आज्ञेस ‘लूप’ हा पर्याय देतात. मग साधी फाईलच तबकडीचे सोंग घेते. (फ्रीबीएसडीत याकरिता ‘एमडीकॉन्फिग’ आहे.) प्रतिमा सबंध तबकडीची असेल, तर विभाग कोठे सुरू होतो तेही सांगावे लागते. ५१२ बाइटांच्या २०४८ व्या सेक्टरापासून आरंभ असल्यास ‘ऑफसेट’ १०,४८,५७६ येतो.

‘केवळ वाचन’ या पर्यायावर मात्र विसंबू नये. यंत्र अकस्मात बंद पडले असेल, तर ईएक्सटी-४ ही फाईलव्यवस्था मूळ तबकडी केवळ वाचनासाठी जोडतानाही आपल्या नोंदवहीतील अपुरे बदल तीवर लिहून पूर्ण करते. ‘नोलोड’ दिल्यास हे टळते. मात्र त्या नोंदवहीत अडकलेले अखेरचे बदल वाचणाऱ्यास दिसत नाहीत.