पान मवाळ होतं तेव्हा

तंबाखूचं पान झाडावरून उतरलं की लगेच ओढण्याजोगं नसतं. त्यात अमोनियाचा दर्प असतो आणि घसा धरणारा तिखटपणा असतो. ढिगात घालून, थोडा ओलावा देऊन ते उबवलं की आतून तापतं आणि रंग गडद होतो. त्यातली साखर आणि प्रथिनं मोडतात, दर्प उडून जातो. क्युबातली उत्तम सिगार याच वाटेनं येते. वळून झाल्यावरही ती सीडरच्या लाकडी पेटीत, सत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत, वर्षानुवर्षं ठेवली जाते. शौकीन तिचं वय विचारतात, वर्षागणिक किंमत वाढत जाते, तिच्यावर पुस्तकं निघतात.

कोल्हापूरहून महामार्गानं कागल ओलांडलं की निपाणी येते. तिथल्या वखारींतही पान उबवणं, मुरवणं, चाळणं आणि त्याची प्रत लावणं पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. त्यावर मात्र कुणी चवीचं पुस्तक लिहिलं नाही. निपाणीचं पान विडीत जातं आणि विडी गरिबाची, हेच त्याचं कारण असं मला वाटतं. सिगारच्या शौकिनाला जी दाद मिळते ती वखारीतल्या पारख्यालाही मिळायला हवी होती. हा लेख त्यासाठी आहे.

या भागाशी तंबाखूचं नातं जुनं आहे. अकबराचा दूत असदबेग सोळाशे चारच्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा तिथं पाहिलेली तंबाखू आणि रत्नजडित नळी त्यानं बादशहाला भेट दिली. पोर्तुगीजांनी किनाऱ्यावर उतरवलेलं हे पान तोवर आदिलशाही दरबारात रुळलं होतं. पुढं जहांगिरानं 1617 मध्ये तंबाखूवर बंदी घातली, पण सवय थांबली नाही. मराठी घरांत ती चिलीम, गुडगुडी, तपकिरीची डबी, चंची आणि मिसरी अशा नाना रूपांनी शिरली.

विडीच्या तंबाखूचे देशात दोन मोठे पट्टे, गुजरातेतला चरोतर आणि आपला निपाणीचा. निपाणी, चिकोडी, कागल, मुरगूड, गडहिंग्लज, वेदगंगा-दूधगंगेच्या काठची काळी जमीन. पावसाळ्यात रोपं लावायची, नंतर शेंडा खुडायचा म्हणजे झाडाचं बळ पानात उतरतं. बगलेला फुटलेले कोंब पुन्हापुन्हा काढायचे. हे काम करताना हाताला असा चिकट काळा थर चढतो, की भाकरी खाल्ली तरी कडू लागते. पानावर तांबूस ठिपके उठले, पान जाड होऊन सुरकुतलं, की काढणी. मग ते उन्हात वाळवायचं आणि रात्रीच्या दवानं जरा मऊ झालं की पहाटे गोळा करायचं. दुपारी हात लावला तर चुरा होतो.

पारख्या पान आधी हातानं चुरतो, मग हुंगतो, चिमूटभर जिभेवर ठेवतो आणि शेवटी पेटवून राख बघतो. पान कडक आहे की मवाळ, घशाला लागतं की नाकाला, राख पांढरी पडते की काळपट, विडी मध्येच विझते का, हे सगळं तो मिनिटभरात ठरवतो. वखारीत वेगवेगळ्या गावांचे माल एकत्र करून चव जुळवली जाते, कारण ठरावीक छापाची विडी ओढणाऱ्याला यंदाही गेल्या सालचीच तलफ भागवायची असते. ही कसोटी सिगारच्या जाणकाराइतकीच बारीक आहे.

परदेशी राहणाऱ्या मेव्हण्यांनी आणलेली क्युबन सिगारची पेटी आमच्याकडे बरीच वर्षं पडून होती. कोल्हापूरच्या हवेत ती सांभाळणं जिकिरीचं आहे. आषाढ-श्रावणात बुरशी धरते, चैत्रात वरचं पान तडकतं. म्हणून ती हवाबंद डब्यात, आर्द्रता बघून ठेवली होती. तीतली एक ताजी असताना ओढली होती. तिची मिरीसारखी जळजळ तेव्हा मला फार आवडली, कडक म्हणजे चांगली असं वाटायचं. परवा ओढलेली एकदम वेगळी निघाली. जळजळ पार उतरली होती. आधी भाजल्या शेंगदाण्याचा वास, मधे काकवीचा हलका गोडवा, शेवटी जुन्या चामड्याचा. धूर तोंडात खेळवून सोडायचा, छातीत घ्यायचा नाही. सिगार मवाळ झाली होती आणि मलाही आता मवाळच हवं होतं. तरुणपणीची जीभ असती, तर हीच सिगार फिकी म्हणून मी बाजूला ठेवली असती.

आवड बदलते ती एकट्याची नाही. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाप्रमाणे 2009-10 मध्ये महाराष्ट्रातले 31.4 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत. 2016-17 मध्ये ते 26.6 टक्क्यांवर आले. त्यातही धूर काढणारे 3.8 टक्के आणि तोंडात धरणारे 24.4 टक्के. म्हणजे आपला माणूस विडी सोडतो आहे, पण चुना-तंबाखू मळणं सोडत नाही. 2008 मध्ये सार्वजनिक जागी धूम्रपानावर बंदी आली, 2012 मध्ये राज्यात गुटखाबंदी आली. बंदीनं विडी चव्हाट्यावरून गेली आणि पुडी खिशात राहिली. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडे इतके का, याचं उत्तर या आकड्यांत आहे. सिगारचा धूर छातीत घेतला नाही तरी तोंड आणि घसा त्यातून सुटत नाहीत, हेही इथंच स्पष्ट सांगतो.

मिसरीची गोष्ट वेगळी. तव्यावर तंबाखू काळीभोर होईपर्यंत भाजायची, कुटायची, पहाटे दातांना लावायची. तिचा उग्र वास या भागातल्या कित्येक घरांच्या सकाळीत होता. आयाबायांना कुणी शौकीन म्हटलं नाही, तरी त्यांचीही पारख होती. कुठल्या दुकानची पुडी खरपूस भाजते आणि कुठली नुसतीच जळते, हे त्या बरोबर सांगत. नव्या सुनांनी मात्र मिसरी बहुतेक सोडली. ही आवड गेली ते बरं झालं.

पान मवाळ करण्याची किंमतही बायकांनीच मोजली. वखारीत वाळलेली तंबाखू झोडपायची, चाळायची, निवडायची. पदर नाकातोंडाला बांधला तरी धुरळा छातीत जातोच, खोकला सुटत नाही. अनिल अवचटांनी निपाणीच्या या बायकांबद्दल लिहिलं, तेव्हा महाराष्ट्राला वखारीचं आतलं जग कळलं. घरी बसून तेंदूच्या पानात विडी वळणारीला हजाराच्या हिशेबानं मजुरी, आणि मोजून घेताना बाद ठरलेल्या विड्यांची कपात वेगळी. 1966 मध्ये विडी-सिगार कामगारांसाठी कायदा झाला, तरी निपाणीत बायकांना हक्कासाठी संघटना बांधून रस्त्यावर यावं लागलं. शेतकऱ्याचंही तेच. 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी हजारो शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले. एप्रिलमध्ये पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी मेले. पारख्या जिभेवर ठेवतो ती चिमूट या सगळ्यांच्या हातांतून आलेली असते.

आता पीकच आवरतं घेतलं जात आहे. काळम्मावाडी धरणाचं पाणी आलं तसा कागल-निपाणी भागात ऊस पसरला, कोरडवाहूत सोयाबीन आलं. तंबाखूला राबणारे हात मिळेनात. निपाणीच्या कृषी संशोधन केंद्रानं विडी तंबाखूचे सुधारित वाण दिले, पण ज्याच्या शेताला पाणी लागलं तो उसाकडं गेला. तंबाखू कमी होते याचं मला दुःख नाही. पण वाणांची नोंद केंद्रात राहील, तशी जिभेची आणि बोटांची नोंद कुठंच नाही. शिवाजी विद्यापीठापासून निपाणी तासाभराच्या अंतरावर आहे. मराठी, समाजशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मिळून म्हाताऱ्या पारख्यांच्या आणि वखारीत जन्म काढलेल्या बायकांच्या मुलाखती आवाजासकट नोंदवाव्यात. त्यात दर, मजुरी, पानांच्या प्रती, खोकल्याचं औषधपाणी, सगळं असावं. सुरुवात बायकांपासून करावी, कारण त्यांना आजवर सर्वांत कमी विचारलं गेलं आहे.