वरवंडची नोंद आणि रुबीचं वाचन

दौंड तालुक्यातल्या वरवंडच्या एखाद्या शेतजमिनीची नोंद जेसन या मजकुरी स्वरूपात मांडली, तर तीत गाव, गट क्रमांक, क्षेत्र अशी नावं आणि त्यांची मूल्यं यांच्या मोजक्या जोड्या येतात. अशा नोंदी रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेत वाचण्याचा इतिहास बहुतेक जण वेगाच्या अंगाने सांगतात. मला त्यात मोठी गोष्ट वेगळीच दिसते: आलेल्या मजकुरावर आंधळा भरवसा टाकायची सवय रुबीने टप्प्याटप्प्याने सोडली. रुबी 1.8 मध्ये स्ट्रिंग म्हणजे नुसते बाइट, त्यामुळे यूटीएफ-8 मधल्या ‘वरवंड’ची लांबी 15 भरायची. 2009 च्या 1.9.1 मध्ये प्रत्येक स्ट्रिंगसोबत तिचं एन्कोडिंग आलं, लांबी 5 झाली आणि जेसन वाचणारं फ्लोरियन फ्रँक यांचं जेसन जेमही (जेम म्हणजे रुबीचं पॅकेज) भाषेसोबतच मिळू लागलं. मराठी मजकुरासाठी हा योग फार मोलाचा होता.

वाचन मात्र अजून भोळंच होतं. मजकुरात ‘जेसन_क्लास’ हे नाव दिसलं की पार्सर तिथे सांगितलेल्या क्लासचा ऑब्जेक्ट बनवायला घ्यायचा. म्हणजे प्रोग्रॅममध्ये काय घडावं हे बाहेरचा मजकूर ठरवणार! फेब्रुवारी 2013 मध्ये ही त्रुटी जाहीर झाली आणि ‘पार्स’मधली ही वागणूक मुळातच बंद ठेवली गेली. यात सोय गेली, असा आक्षेप घेता येतो. पण कोणता क्लास हवा हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असतंच. एक ओळ जास्त लिहावी लागणं ही त्याची माफक किंमत आहे. जेसन जेम संथ पडतं, हा वेगाचा आक्षेप अधिक वजनदार. ‘ओज’सारखी पर्यायी जेम वापरात आली ती वेगासाठीच. तरी 2025 मध्ये जेसन जेमच्या 2.10 आवृत्तीत पार्सर नव्याने लिहून बराच वेग मिळवता आला, आणि त्यासाठी जुना भोळेपणा परत आणावा लागला नाही.

काम संपलेलं नाही. 10 आर आणि 20 आर म्हणजे 0.1 आणि 0.2 हेक्टर, रुबी हे आकडे आपणहून फ्लोट मानते आणि बेरीज 0.30000000000000004 येते. दशांश अचूक ठेवणारा बिगडेसिमल हवा, असं स्पष्ट सांगावं लागतं. एकाच नोंदीत ‘क्षेत्र’ दोनदा आलं तर वर्षानुवर्षं नंतरचा आकडा गुपचूप पहिल्याची जागा घ्यायचा. 2025 मधल्या 2.13 पासून तिथे इशारा मिळतो आणि पुढच्या मोठ्या आवृत्तीत अशी नोंद वाचायलाच नकार मिळेल, असं जेमच्या कर्त्यांनी सांगून ठेवलं आहे.