माळ्यावर सापडलेला नकाशा



विहीर अर्धी खणून पैशाअभावी सोडावी लागली, की जिवाला किती लागते हे तुम्ही जाणता. मग जर्मनीतील कोलोन शहराच्या भव्य कॅथेड्रलची, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनामंदिराची, हकिकत ऐका.

त्याचा पाया १२४८ साली घातला. बांधणी गॉथिक; कमानी टोकदार. उंच दगडी छताचा रेटा भिंतींना बाहेर ढकलतो. म्हणून, आपण कललेल्या भिंतीला टेकू देतो तसे, बाहेरून दगडी कमानींचे टेकू दिले. त्यामुळे भिंतींत उंचच उंच रंगीत काचा बसवता आल्या.

१५६०च्या सुमारास पैसा आटला, काम थांबले. अपुऱ्या मनोऱ्यावरची लाकडी यारी तीनशे वर्षे तशीच उभी होती. दर्शनी बाजूचा जुना नकाशाही हरवला. १८१४ साली त्याचा अर्धा भाग डार्मस्टाट येथे एका माळ्यावर सापडला. त्यावर शेंगा वाळत घालीत, असे सांगतात! दुसरा अर्धा १८१६ साली पॅरिसला मिळाला. १८४२ साली काम पुन्हा सुरू झाले. त्या नकाशाबरहुकूम १५७ मीटर उंचीचे मनोरे चढले आणि १८८० साली, ६३२ वर्षांनी, काम पुरे झाले.

तेव्हा विहिरीचे, बांधबंदिस्तीचे, फळबागेचे नकाशे ट्रंकेत जपून ठेवा आणि मुलांना समजावून सांगा. आपल्या हातून अपुरे राहिलेले काम नातवंडे पुरे करतील.